पिटुकलीचं वजन

मुलांनो, एक काम करा. एक पाय जरा पुढे घ्या. गुडघ्याखाली समोरच्या बाजूला जे टणक हाड लागतं, ती नडगी. तिच्यावर अंगठा ठेवा आणि चांगला दाबून धरा. सावकाश पाचपर्यंत मोजा. आता अंगठा उचला. काय दिसलं? ती जागा क्षणभर फिकट झाली असेल आणि लगेच पहिल्यासारखी. छान. तुमचं खाणंपिणं बरं चाललंय.

आता कल्पना करा, तुम्ही अंगठा उचललात आणि तिथे खड्डा राहिला. मळलेल्या पिठात बोट खुपसल्यावर राहतो तसा. पुन्हा पाचपर्यंत मोजलंत, दहापर्यंत मोजलंत, तरी तो तिथेच. दुखत नाही, खुपत नाही, पण भरूनही येत नाही. घाबराल की नाही?

अकरा वर्षांची एक मुलगी अशीच घाबरली. खड्डा तिच्या पायावर नव्हता, तिच्या चार वर्षांच्या बहिणीच्या पायावर होता. मंगळवारी दुपारी ती धाकटीच्या पायातला मोजा काढत होती. मोज्याची कड पायात इतकी रुतली होती की निघता निघेना. शेवटी ओढून काढला, तर घोट्याच्या वर बांगडीसारखा खोल वळ. मोठीने त्यावरून बोट फिरवलं, मग नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खड्डा राहिला.

"दुखतं?" तिने विचारलं.

धाकटी आजकाल बोलतच नसे. बसवलं की बसायची, निजवलं की निजायची.

दोघी बहिणी मुलींच्या एका वसतिगृहात राहत होत्या. आई-वडील दोघंही गेलेले. तिथे चाळीस मुली होत्या, झोपायच्या दोन लांब खोल्या, एक जेवणघर, मागे भाजीचे वाफे, आणि पुढच्या व्हरांड्यात उभा असलेला एक लोखंडी वजनकाटा. हा काटा मोठीच्या ताब्यात असे, म्हणून सगळ्या तिला काटेवाली म्हणत. धाकटी अंगाने मुळातच एवढीशी, म्हणून ती पिटुकली.

काट्याची गोष्ट नीट समजून घ्या. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात त्या वसतिगृहातल्या दोन मुली झुरून झुरून गेल्या होत्या. तिथल्या प्रमुख, मोठ्या बाई, यांनी ते डोळ्यांदेखत पाहिलं होतं. वसतिगृहात रोज बारा अंडी आणि बारा पेले दूध येई. चाळीस जणींत वाटलं तर कुणाच्याच अंगी लागायचं नाही. म्हणून बाईंनी नियम केला. बारा खुर्च्यांचं पहिलं टेबल. तिथे बसणाऱ्या मुलीला रोज एक अंडं, एक पेला दूध. बाकीच्यांना दुसऱ्या टेबलावर पातळ पेज आणि उकडलेला बटाटा. दर शनिवारी सकाळी सगळ्यांचं वजन. जिचं उतरेल तिला पहिल्या टेबलावर जागा. पहिल्या टेबलावरच्या जिचं आठवड्यात अर्धा किलो वाढेल तिने उठायचं, म्हणजे दुसरीला खुर्ची मिळेल. आणि त्या आठवड्यात जिचं सगळ्यांत जास्त वाढेल तिच्या केसांत बाई स्वतःच्या हाताने लाल फीत बांधत.

नियम वाईट नव्हता. त्याने खरोखर काही मुली वाचल्या होत्या. बाईंचा त्याच्यावर जीव होता, आणि काटेवालीचाही. काट्याच्या दांडीवरचा ठोकळा सरकवायचा, दांडी अधांतरी स्थिर झाली की आकडा वाचायचा आणि मोठ्याने पुकारायचा. चार पावलांवर टेबलाशी बसलेल्या बाई तो वहीत लिहीत. दोन वर्षांत काटेवालीचा एकही आकडा चुकला नव्हता. चाळीस मुलींपैकी कुणाची तक्रार नव्हती.

वसंत सरता सरता पिटुकलीला गोवर आला. गोवर गेला आणि हगवण लागली. वजन उतरत उतरत अकरा किलो आठशेवर आलं. तिला पहिल्या टेबलावर खुर्ची मिळाली, पण तोंड आतून सोलवटलेलं, अंड्याचा घास गालात धरून बसायची आणि मग थुंकून टाकायची. आठवड्याने काट्यावर चढवली तर बारा किलो पाचशे.

"बारा पाचशे!" काटेवालीने पुकारलं तेव्हा तिचा आवाज आनंदाने चिरकला होता.

"सातशे ग्रॅम!" बाई खुर्चीवरून उठल्याच. "आठवड्यात सातशे! बघा गं पोरींनो, पिटुकलीकडून शिका जरा."

पिटुकलीला लाल फीत मिळाली आणि तिची खुर्ची गेली. नियमच तो. पुढच्या शनिवारी तेरा किलो दोनशे. पुन्हा फीत. त्याच्या पुढच्या शनिवारी तेरा नऊशे. तिसऱ्यांदा फीत. पण आता ती केसांत टिकेना. केस विरळ आणि भुरे झाले होते, कंगव्यात झुबकेच्या झुबके यायचे. बाईंनी गाठ मारली की फीत सरकून कानावर यायची. सगळ्या हसायच्या. गाल गुबगुबीत, डोळे फुगीर, पाय गोल गोल. मुली तिचे गाल ओढायच्या. पिटुकली ओढू द्यायची.

ते तीनही आकडे काटेवालीनेच पुकारले होते.

दर दुसऱ्या बुधवारी वसतिगृहात कंपाउंडर काका येत. औषधांची पत्र्याची पेटी हातात, खिशात कायम मनुका. म्हातारा गोड माणूस. मुलींना प्रश्न विचारायला लावायचा त्याला भारी नाद. खड्डा दिसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, काटेवालीने काही बोलण्याआधीच काकांनी पिटुकलीकडे बघितलं, तिला जवळ घेतलं, पायावर अंगठा दाबला आणि उचलला. मग हाताची कातडी पाहिली, जिथे ती वाळलेल्या रंगासारखी सोलून निघत होती. तसेच उठून ते व्हरांड्यात बाईंकडे गेले. काटेवाली दाराआड उभी राहिली.

"बाई, त्या लहानीला सूज वाटते मला."

"कुठली लहानी? पिटुकली?" बाई हसल्या. "काका, गाल आलेत तिला. तीन आठवड्यांत दोन किलो वाढलीय पोर. महिन्यापूर्वी उचलली की बरगड्या टोचायच्या हाताला."

"पायावर खड्डा राहतोय, बाई."

"लहान मुलांचं अंग मऊच असतं. आणि वजन वाढलेल्या मुलीला आजारी म्हणायचं, तर उतरलेल्यांना काय म्हणायचं? तुम्ही आपली औषधं मोजा. मागच्या खेपेला खोकल्याच्या दोन बाटल्या कमी निघाल्या."

"हो का? बघतो," काका म्हणाले. आणि खरोखरच खाली बसून बाटल्या मोजू लागले.

जाताना ते मागच्या दाराने, भाजीच्या वाफ्यांवरून जात. काटेवालीने त्यांना तिथे गाठलं. वाफ्यात एक रबरी नळी आडवी टाकलेली होती. तिला सुईने भोकं पाडलेली, नळ सोडला की त्यांतून पाणी पाझरायचं.

"काका, सूज म्हणजे काय?"

काका थांबले. प्रश्न ऐकला की त्यांना राहवत नसे. त्यांनी पेटी खाली ठेवली.

"ही नळी बघ. नळाचा जोर आहे म्हणून भोकांतून पाणी बाहेर येतं. माती भिजते, झाडाला मिळतं. तुझ्या अंगात नळाच्या जागी हृदय. ते रक्त ढकलतं. रक्ताच्या वाहिन्या फाटे फुटत फुटत बारीक होतात, इतक्या बारीक की केस त्यांच्यापुढे दोरखंड. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांच्या भिंतीला फटी असतात. तिथून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, साखर, मीठ, प्राणवायू बरोबर घेऊन. आजूबाजूच्या मांसाला, कातडीला जे जेवण मिळतं ते असं."

काटेवालीने नळीकडे बघितलं. "मग सगळंच पाणी बाहेर का नाही जात? आपण फुगून का नाही जात?"

"शाबास!" काकांचा चेहरा उजळला. "हाच खरा प्रश्न." त्यांनी एका खिशातून कोरडी मनुका काढली आणि दुसऱ्या खिशातून एक छोटी बाटली, तिच्यात पाण्यात भिजवलेल्या मनुका होत्या. "हसू नकोस, पोट साफ राहतं याने. ही कोरडी, ही भिजलेली. टम्म फुगलीय. हिच्यात पाणी कुणी भरलं?"

"कुणीच नाही. आपोआप गेलं."

"आपोआप नाही. आतल्या साखरेने ओढलं. साल पाण्याला आत येऊ देते, पण साखरेला सहजी बाहेर जाऊ देत नाही. रक्तात असंच पाणी ओढणारं एक द्रव्य असतं, अल्ब्युमिन. ते फटींपेक्षा मोठं, म्हणून बहुतेक सगळं वाहिनीच्या आतच राहतं आणि बाहेर गेलेलं पाणी परत खेचतं. केशवाहिनीच्या सुरुवातीला हृदयाचा जोर जास्त, म्हणून पाणी बाहेर जातं. पुढे पुढे जोर ओसरतो, मग ओढ वरचढ ठरते आणि पाणी आत येतं. त्यातूनही थोडं मागे उरतं. ते गोळा करायला निराळ्या नळ्या आहेत, लसिकावाहिन्या. त्या ते वर गळ्यापाशी नेऊन पुन्हा रक्तात सोडतात. तू झोपलीस तरी हे चालूच."

"आणि अल्ब्युमिन कमी पडलं तर?"

"तर पाणी जातं, पण पुरतं परत येत नाही. त्या निराळ्या नळ्यांनाही सगळं उपसवत नाही. मग ते मांसात साठतं."

"ते येतं कुठून? अल्ब्युमिन?"

"यकृत बनवतं. अंडी, दूध, डाळी खाल्ल्या तर. त्यातून गोवर, हगवण झाली की साठा झपाट्याने संपतो."

काटेवाली म्हणाली, "पेजेत असतं?"

"पेजेत नावापुरतं."

"म्हणजे ती वाढली नाही."

"आतून रोज बारीक होतेय. वर पाणी चढतंय. काट्याला काय, पाणी काय आणि मांस काय, सारखंच." शिकवण्याच्या भरात काका कुणाबद्दल बोलतायत हेच विसरले होते. "गंमत अशी, की अशी मुलं बरी व्हायला लागली की वजन आधी उतरतं. पाणी निघून जातं ना! खरं तर दवाखान्यात न्यायला हवं. ते नाही तर निदान अंडं, दूध. एकदम नाही, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा."

"आणि नाहीच मिळालं तर?"

काका वाकले. "नळ बंद करायला हवा. तळं झालंय वाफ्यात."

"काका."

"साध्या सर्दीनेही जातं असं मूल," काका नळाकडे बघत म्हणाले.

"मग बाईंना पुन्हा सांगा ना!"

"सांगितलं की."

"एकदाच सांगितलंत. आणि मग बाटल्या मोजायला बसलात."

काकांचे कान लाल झाले. "हे बघ बाळ, मी महिन्यातून दोनदा येणारा माणूस. बाईंनी मनात आणलं तर एकदाही यायचा नाही. घरी माझ्या जिवावर तीन माणसं आहेत."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"तू विचारलंस म्हणून," काका म्हणाले. त्यांनी पेटी उचलली आणि भिजलेल्या मनुकांची बाटली तिच्या हातात ठेवली. "हे दे तिला." मग ते फाटकातून निघून गेले. चांगला माणूस होता. पण त्याने हात वर केले ते केलेच.

गुरुवारी सकाळी काटेवाली बाईंसमोर जाऊन उभी राहिली. केशवाहिन्या, अल्ब्युमिन, नळी, मनुका, सगळं तिने धडाधडा सांगून टाकलं. बाईंनी मधे तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुला काटा का दिला माहितेय?"

"आकडा नीट वाचते म्हणून."

"आकडा पुष्कळ जणींना वाचता येतो. तू कुणाची बाजू घेत नाहीस म्हणून दिला. आज तू बहिणीसाठी अंडं मागायला आलीस. उद्या प्रत्येकीची बहीण, प्रत्येकीची मैत्रीण. कुणाच्या तोंडचं काढून देऊ, सांग? पहिल्या टेबलावरच्या बारा जणींपैकी एकीकडे बोट दाखव. दाखव, मी आत्ता उठवते तिला."

काटेवालीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बघ. म्हणून काटा ठेवलाय. तो ठरवेल. पिटुकलीचं उतरलं तर तिलाही मिळेल. तोपर्यंत मला डॉक्टरकी शिकवू नकोस. जा."

ती मागच्या पायरीवर जाऊन रडली. तिथे सुतळी येऊन तिच्याजवळ बसली. सुतळी तिच्याच वयाची, वसतिगृहातली सगळ्यांत काटकुळी मुलगी. चार महिने पहिल्या टेबलावरून तिला कुणी हलवू शकलं नव्हतं. अंडं खायची, दूध प्यायची आणि सगळं खोकून काढायची.

"काय झालं? बाईंनी काटा काढून घेतला?"

काटेवालीने सांगितलं. सुतळीला मनुकेचं काही कळलं नाही, पण अंड्याचं कळलं.

"एवढंच ना? माझं अर्धं देत जाईन. तसंही मला लागत कुठे? माझं पोट म्हणजे धर्मशाळा आहे, काही मुक्कामालाच राहत नाही."

"बाईंनी पाहिलं तर?"

"पाहिलं तर म्हणेन, वाऱ्याने उडून गेलं." ती हसली आणि हसता हसता खोकली.

गुरुवारी दुपारी सुतळीने खरोखरच अर्धं अंडं बाहीत लपवून आणलं. काटेवालीने ते नखाएवढे तुकडे करून, पाण्याच्या घोटाबरोबर, संध्याकाळपर्यंत पिटुकलीला भरवलं. एकही तुकडा बाहेर आला नाही. तिचं तोंड आता बरं झालं होतं. फक्त द्यायला काही नव्हतं.

शुक्रवारी स्वयंपाकाच्या मावशींनी सुतळीची बाही पकडली. मावशींनी आरडाओरडा केला नाही, सरळ बाईंना बोलावलं. बाईंनी सुतळीला जेवणघराच्या मधोमध स्टुलावर उभं केलं. चाळीस मुलींसमोर तिने ते अंडं पूर्ण खायचं, शेवटच्या कणापर्यंत, असं फर्मान निघालं.

"हे अंडं तुझ्या खोकल्यासाठी आहे," बाई म्हणाल्या. "दानधर्म करण्यासाठी नाही. पुन्हा असं दिसलं तर खुर्ची जाईल. आणि पिटुकलीला आणा पुढे. बघू दे तिलाही, दुसऱ्याच्या ताटातलं मागायचं नसतं ते."

पिटुकलीला स्टुलासमोर उभं केलं गेलं. सुतळी खात होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, घशात घास अडकत होता. पिटुकली बघत होती. तिने हात पुढे केला नाही. रडलीही नाही. फुगलेल्या पापण्यांच्या फटीतून नुसती बघत राहिली, आणि थोड्या वेळाने बघायचीही थांबली. काटेवालीला त्याचीच जास्त भीती वाटली.

शनिवारची सकाळ उजाडली. व्हरांड्यात रांग लागली, लहान मुली आधी. काटेवाली काट्यामागे उभी होती. बाईंचं टेबल चार पावलांवर. तिथून त्यांना काट्यावर उभी असलेली मुलगी दिसे, पण दांडीचं टोक काटेवालीच्या अंगाआड जाई. दोन वर्षांत हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. आज आलं.

पिटुकलीला तिने उचलून काट्यावर ठेवलं. ठोकळा सरकवत नेला. चौदा किलो चारशेवर दांडी स्थिर झाली. चौदा चारशे! हा आकडा पुकारला की टाळ्या पडणार, फीत बांधली जाणार आणि पुढचा अख्खा आठवडा पेज. तिला काकांचं नळाकडे बघणं आठवलं.

तिने ठोकळा मागे ओढला. तेरा किलो तीनशे. दांडी झटकन वर उसळली. तिने बोटाने ती वरून दाबून धरली.

"तेरा तीनशे."

बाईंनी मान वर केली. "तेरा तीनशे? मागच्या वेळी तेरा नऊशे होतं."

"हो बाई."

"उतरलं? बघून तर वाटत नाही."

"दोन दिवस पोट बिघडलंय तिचं."

"मला कुणी बोललं नाही." बाईंनी चष्म्यावरून पिटुकलीकडे बघितलं, मग काटेवालीकडे. काटेवालीचं बोट दांडीवरच होतं. "बरं. काटा म्हणतो तर म्हणतो. पण खुर्ची रिकामी व्हायला हवी. पहिल्या टेबलावरची कुणी वाढली तर आजच बसेल. नाही तर पुढच्या शनिवारी बघू."

पुढचा शनिवार! काटेवालीने हे धरलंच नव्हतं. तिने बहिणीला उतरवून भिंतीशी बसवलं. पिटुकली बसल्या जागी कलंडली आणि तशीच राहिली.

पहिल्या टेबलावरच्या मुली एक एक करून येऊ लागल्या. एकीचं दोनशे वाढलेलं. एकीचं शंभर. एकीचं उतरलेलं. कुणाचं तसूभरही हललेलं नाही. नववी आली ती दादागिरी करणारी, जिला सगळ्या इन्स्पेक्टर म्हणत. तिचं चारशे वाढलं होतं. आणखी फक्त शंभर हवे होते. काटेवालीचा हात ठोकळ्याकडे गेला, पण इन्स्पेक्टर काट्यावरूनच वाकली आणि तिने स्वतः आकडा वाचला, "चारशे! वाचले बाई, अंडं राहिलं!" दहावीची मोठी बहीण रांगेत मागेच उभी राहून टक लावून बघत होती. अकरावीचं वजन सहाशेने उतरलेलं. तिच्याबाबतीत कुणी विश्वासच ठेवला नसता.

बारावी सुतळी.

"चल गं, सांग माझा भाव," ती काट्यावर चढत म्हणाली. काल स्टुलावर उभी राहिलेली हीच ती, असं वाटू नये म्हणून मोठ्याने बोलत होती. "आणि उडून जाईन हं, धरून ठेव."

काटेवालीने ठोकळा सरकवला. मागच्या शनिवारी चोवीस किलो तीनशे. आज चोवीस शंभर. दांडी अगदी स्थिर होती. सुतळीने तोंडावर हात धरून खोकला दाबला. तिच्या गळ्याची हाडं दाभणासारखी वर आली आणि खाली गेली.

रांगेत आता पहिल्या टेबलावरचं कुणी उरलं नव्हतं.

सुतळी आकडा वाचायला वाकणार नव्हती. तिची बहीण रांगेत नव्हती. तिला बहीणच नव्हती. आणि एक गोष्ट काटेवालीला पक्की ठाऊक होती: तिच्याविरुद्ध सुतळी तोंड उघडणार नाही.

"किती?" बाईंनी विचारलं.

काटेवालीने ठोकळा पुढे ढकलला. दांडी खाली झुकली, तशी तिने करंगळी तिच्याखाली धरली.

"चोवीस नऊशे."

"नऊशे? म्हणजे सहाशे वाढलं! वा! सुतळीचं वजन वाढलं गं!" बाई मनापासून खूश झाल्या. "बघ, अंडं पूर्ण खाल्लं की लागतं ते अंगाला. सुटलीस. आजपासून दुसऱ्या टेबलावर."

सुतळीने खाली बघितलं. काट्यावरून आकडा वाचायला वाकावं लागतं, पण दांडीचं टोक उभ्यानेच दिसतं. तिने दांडी पाहिली, दांडीखालची करंगळी पाहिली. मग वर, काटेवालीच्या तोंडाकडे. तिचे ओठ हलले, पण त्यातून खोकलाच बाहेर आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

काटेवालीने दांडी दोन बोटांत धरून दुसऱ्या हाताने ठोकळा शून्यापर्यंत मागे नेला, म्हणजे दांडीचा आवाज होऊ नये. आणि सुतळी खाली उतरायच्या आतच तिने रांगेतल्या पुढच्या मुलीला हाक मारली.